अनंत चतुर्दशीचे रक्त वसुबारसेला संपते : इंदूरच्या गणेशोत्सव मंडळांना खुले पत्र

इंदुरातल्या सर्व मराठी गणेशोत्सव मंडळांच्या अध्यक्षांस व कार्यकर्त्यांस,

स. न. वि. वि.

गणपती बसायला अजून अवकाश आहे. पावतीपुस्तके छापायची आहेत, मूर्ती सांगायची आहे, मांडवाची परवानगी काढायची आहे. एकदा ती धावपळ सुरू झाली की कोणाला मान वर करायला फुरसत नसते, हे मी जाणतो. बावीस वर्षे मीही मंडळातच वाढलो आहे. म्हणून हे पत्र आत्ताच लिहितो आहे.

विषय आपल्या रक्तदान शिबिराचा आहे. माझी विनंती एवढीच की ते एका दिवसात उरकू नका, वर्षभर वाटून घ्या. विनंती मुळात माझ्या ताईची आहे. ती २०२२ च्या माघात गेली. तिने ही गोष्ट आमच्या एका मंडळाला पटवली होती. बाकीच्यांकडे जायचे राहिले.

ताईचा जन्म १९८१ चा. आठ महिन्यांची असताना ती पांढरीफटक पडू लागली, दूध पिईना, आणि निदान झाले थॅलेसेमिया मेजर. या आजारात शरीराला हिमोग्लोबिन नीट बनवता येत नाही, लाल पेशी टिकत नाहीत. आई आणि बाबा दोघेही मायनर निघाले. मायनर माणूस ठणठणीत असतो, त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. पण दोघांकडूनही तोच दोष आला की मूल मेजर होते, आणि ही शक्यता प्रत्येक गरोदरपणात चारात एक असते. मी पाच वर्षांनी झालो. आई सांगायची, वर्षभर ती रोज सकाळी माझी खालची पापणी ओढून आतला रंग बघायची. मी मायनर निघालो.

ताईला दर तीन आठवड्यांनी रक्त लागायचे. लहानपणी एक पिशवी, मोठेपणी दोन. एक पिशवी चढायला तीन-चार तास, म्हणजे सकाळी गेलेली ताई दिवे लागायच्या वेळी परत यायची. येताना तिचे गाल गुलाबी असायचे. थंडीचे दिवस असले तर त्या रात्री बाबा आम्हाला सराफ्यात न्यायचे. तिला गराडू आवडायचे, मला भुट्ट्याचा कीस. घरात त्या दिवसाला पौर्णिमा म्हणायचे. शब्द तिचाच. मग दिवसागणिक एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, उतरत जायचे, तिसऱ्या आठवड्यात दोन जिने चढताना ती मध्ये थांबायची आणि कोणी काही काम सांगितले तर म्हणायची, "आता अमावास्या जवळ आली आहे, पौर्णिमेनंतर करते." आणि पौर्णिमेनंतर ती ते खरोखरच करायची. लोकांची कामे ती चांगल्या दिवसांत करायची आणि स्वतःची रेटून नेण्याच्या दिवसांत. हे मला फार उशिरा लक्षात आले.

ज्या रक्तावर ती जगत होती त्याचाच तिला त्रास होता. एका पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि जास्तीचे लोह बाहेर टाकायची सोय माणसाच्या शरीरात नाही. ते यकृतात साठते, ग्रंथींमध्ये साठते, हृदयात साठते. ते काढायला पोटाच्या कातडीखाली सुई टोचून लहानशा पंपाने रात्रभर औषध सोडावे लागायचे, आठवड्यातून पाच-सहा रात्री. तो पंप तिला मिळाला तेव्हा ती बारा वर्षांची होती. तोपर्यंत बरेच लोह साचून गेले होते. तोंडाने घ्यायचे औषध आपल्याकडे १९९५ च्या सुमारास आले. जेवणाबरोबर चहा प्यायला की अन्नातले लोह अंगात कमी मुरते, म्हणून आमच्याकडे वरणभाताच्या ताटाशेजारी चहाचा कप असायचा. पाहुणे बघत राहायचे. तिने कधी त्यांना कारण सांगायचे टाळले नाही आणि कधी कुरकुरही केली नाही.

ती शिकली, बी.कॉम. झाली, घरी शिकवण्या घेतल्या. पण तिची खरी शाळा रक्त चढवायच्या डे केअर कक्षात भरायची. एका हाताला सुई, दुसऱ्या हातात खडू नाहीतर स्केचपेन. शेजारच्या खाटांवर धार, खरगोन, देवासहून आलेली पोरे असायची. त्यांच्या शाळा दर तीन आठवड्यांनी बुडायच्या, आणि बुडत बुडत ती मुले एक दिवस शाळा सोडून द्यायची. ताईने त्यांचे पाढे घेतले, इंग्रजी घेतले, दहावीचे फॉर्म भरून दिले. नव्या आयांना पंप कसा लावायचा हे ती स्वतःच्या पोटावर सुई टोचून दाखवायची. "तुम्ही घाबरलात की पोर घाबरतं," असे सांगून त्यांचा हात स्थिर होईपर्यंत ती सोडायची नाही. गोळ्या सुरू झाल्यावर तिचा पंप एका मुलाकडे गेला, त्याच्याकडून दुसऱ्याकडे. संक्रांतीला रक्तपेढीतल्या सगळ्यांना तिळगूळ असायचा, रात्रपाळीच्या सफाई कामगारासकट.

आणि तिची वही. जाड, लाल कापडी पुठ्ठ्याची. रक्ताच्या पिशवीवर देणाऱ्याचे नाव नसते, नुसता क्रमांक असतो. बाराव्या वर्षापासून तिने प्रत्येक पिशवीचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवली. शेवटच्या पानापर्यंत मी मोजल्या, ९१७ नोंदी आहेत. ज्यांना कधी भेटता येणार नाही अशा ९१७ माणसांची ती यादी आहे, आणि दर दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ती वही चोपडीच्या जागी पाटावर असायची.

त्या ९१७ मध्ये माझा एकही क्रमांक नाही. रक्त द्यायला हिमोग्लोबिन किमान १२.५ लागते आणि मायनर असल्यामुळे माझे कधी १२ च्या वर गेले नाही. अठरा वर्षांचा झालो त्या महिन्यात मी गेलो होतो. बोटातून थेंब काढला आणि मला परत पाठवले. घरी येऊन मी रडलो. ताई म्हणाली, "मग तू माणसं आण. दर भाऊबीजेला दोन. तीच माझी ओवाळणी." तेव्हापासून साडी-पैसे बंद झाले आणि मी दोन माणसे शोधू लागलो. मंडळात आलो तोही त्यासाठीच. तिथे तरुण मुले एका जागी भेटतात.

आता त्या वर्षाबद्दल, ज्यामुळे हे पत्र लिहितो आहे.

२०१४ साली आमच्या मंडळाच्या शिबिरात अनंत चतुर्दशीला १४० पिशव्या जमल्या. संध्याकाळी मिरवणुकीतल्या झाँकी (चित्ररथ) बघायला निघायच्या आधी स्टेजवरून तो आकडा मीच जाहीर केला होता. टाळ्या झाल्या, बॅनर लागला, फोटो निघाले. खाली पहिल्या रांगेत ताई बसली होती, तीही टाळ्या वाजवत होती.

त्या वर्षी तिची अमावास्या नेमकी धनत्रयोदशीला आली. एचबी ६.९. आम्ही सकाळी गेलो तर बी पॉझिटिव्हची एकच पिशवी शिल्लक होती. दुसऱ्या खाटेवर चार वर्षांचा मुलगा होता, एचबी ४.८, ओठ निळसर, आईच्या मांडीवर नुसता पडून. त्याचाही गट बी पॉझिटिव्ह. तिथल्या बाई काही बोलेनात, त्यांना बोलवेना. ताईने बाही खाली केली आणि म्हणाली, "त्याला लावा. मी पाडव्यानंतर येते." मी बाहेर जाऊन फोन लावत सुटलो. मंडळातल्या एकेकाला. प्रत्येकजण हळहळला आणि प्रत्येकाने एकच उत्तर दिले: "अरे, मी तर अनंत चतुर्दशीलाच दिलं. तीन महिने देता येत नाही." उरलेले गावी गेलेले. लक्ष्मीपूजनाला ताई भिंतीला टेकून बसली होती. आरतीला उभे राहवेना. भाऊबीजेच्या संध्याकाळी तिला पिशवी लागली.

त्या रात्री घरी आल्यावर तिने भिंतीवरचे कॅलेंडर काढून पुढ्यात घेतले आणि पेन्सिलीने दिवस मोजायला लागली. मला वाटले होते ती काहीतरी बोलेल. तिने फक्त मोजून दाखवले.

तुम्हीही मोजून पाहा. लाल पेशींची पिशवी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकते. अनंत चतुर्दशीपासून ४२ दिवस मोजले की आपण वसुबारसेच्या आसपास येतो. मध्ये अधिक महिना आला नाही तर दरवर्षी असेच, एखादा दिवस इकडेतिकडे. म्हणजे आपण जे रक्त मोठ्या भक्तिभावाने गोळा करतो, त्यातले वापरून उरलेले दिवाळीची पहिली पणती लागायच्या सुमारास बाद होते. आणि ज्यांनी ते दिले, त्या पुरुषांना ९० दिवस आणि बायकांना १२० दिवस पुन्हा देता येत नाही. म्हणजे मार्गशीर्ष येईपर्यंत मंडळातला एकही धडधाकट माणूस उपलब्ध नाही. पिशव्याही नाहीत आणि माणसेही नाहीत. एका दिवशी एकदम दिल्यामुळे दोन्ही दारे एकाच वेळी बंद होतात. त्यात दिवाळीला बाहेरगावचे विद्यार्थी घरी गेलेले, कंपन्यांना सुट्ट्या. शिवाय थॅलेसेमियाच्या रुग्णाला शक्यतो दोन आठवड्यांच्या आतले ताजे रक्त दिले तर ते अंगात जास्त दिवस टिकते. मुदतीच्या टोकाला आलेली पिशवी त्याच्या फार कामाची नसते. आणि ऐनवेळी एखाद्याला पकडून नेले तरी त्याचे रक्त लगेच लावता येत नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया अशी सगळी तपासणी आधी व्हावी लागते.

ताई म्हणाली, "नर्मदा आपल्याकडे एक दिवसाआड येते म्हणून घर चालतं ना? समज, वर्षाचं सगळं पाणी अनंत चतुर्दशीला सोडलं. टाक्या भरतील, अंगणं भरतील, कान्ह नदी फुगेल. आणि कोजागिरीला दूध आटवायच्या पातेल्यात घालायला पाणी नसेल."

१९७८ मध्ये नर्मदा इंदुरात आली त्याआधीचे दिवस आपल्या घरातल्या थोरल्यांना आठवत असतील. पाणी कुठूनतरी लांबून, चढ चढून, दर दिवशी थोडे थोडे आणावे लागते हे आपल्या शहराला कोणी शिकवायला नको.

पुढच्या वर्षी तिने मंडळाच्या बैठकीत हा हिशेब मांडला. सोपे गेले नाही. अध्यक्ष काकांचा पहिला प्रश्न होता की शेजारच्या मंडळाचे दोनशे होतील आणि आपले साठ, लोक काय म्हणतील? मी त्यांना दोष देत नाही. कार्यकर्त्याला हुरूप लागतो आणि बॅनरवरचा आकडा हुरूप देतो. ताई त्यांना एवढेच म्हणाली, "काका, बॅनरवर तारखा लिहू. साठ आज, अकरा पाडव्याला, पंधरा मे महिन्यात." २०१५ च्या शिबिरात ५८ पिशव्या झाल्या. काकांचा चेहरा उतरला होता. पण त्या दिवाळीत पाडवा ते भाऊबीज अकराजण रक्तपेढीत जाऊन आले, आणि शेवटचे काका स्वतः होते, वयाची पासष्टी गाठायला तीन महिने राहिले असताना. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी ताईला फोन लावला होता. २०२० च्या टाळेबंदीत सगळी शिबिरे बंद पडली, तेव्हा आमच्या भागात ज्यांना रक्त मिळत राहिले ते याच यादीमुळे. सवय झालेली माणसे होती; पास काढून एकेकटी जाऊन आली.

इथे एक गोष्ट बाजूला काढून सांगतो. तुमच्यापैकी बरीच मंडळे वधू-वर मेळावेही घेतात. ताई तिथे जाऊन लग्नाआधी एचबीए-टू ची तपासणी करून घ्या म्हणून सांगायची. एकदाच करायची रक्ताची तपासणी आहे, दोघेही मायनर आहेत का ते त्यातून कळते. एकदा एका मुलीच्या वडिलांनी तिला विचारले, "म्हणजे तुझ्या आईने तपासणी केली असती तर बरं झालं असतं, असं म्हणतेस का?" हॉल एकदम शांत झाला. ताई जरा वेळ थांबली आणि म्हणाली, "मी आले याचा मला आनंद आहे, काका. पण माझ्या आईने माझ्या प्रत्येक सुईला डोळे मिटलेत. तुमच्या मुलीला आधी कळलं, तर निदान ठरवता येईल. माझ्या आईला ठरवायला कोणी विचारलंच नाही." ती नको होती असे सुचवणारा एकही शब्द मी कधी सहन केला नाही आणि आजही करणार नाही. पण ती जे म्हणाली ते तिच्याइतके स्पष्ट कोणी म्हणू शकत नाही, म्हणून तिचेच शब्द लिहिले.

नियमाप्रमाणे थॅलेसेमियाच्या रुग्णाकडे रक्ताच्या बदल्यात रक्तदाता मागायचा नसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही हा आजार आहे. पण कायद्याने पिशवी भरत नाही. १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. बाबांनी त्याआधीचे दिवस पाहिले होते. आता रक्त येऊ शकते ते एकाच ठिकाणाहून, कोणाच्या तरी मनातून. म्हणून मी सरकारला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

ताईची योजना अशी होती. पंचांगात वर्षाचे चोवीस पक्ष. एका मंडळाने एक पक्ष घ्यायचा. त्या पंधरा दिवसांत आपल्या मंडळाचे निदान दहा-बाराजण, एकाच दिवशी नव्हे, दोन-तीन दिवसांत वाटून, रक्तपेढीला आधी विचारून, कोणत्या गटाची गरज आहे ते पाहून जातील. एवढेच. मांडव नको, स्टेज नको, प्रमाणपत्रे नकोत. गणेशोत्सवातले शिबिरही राहू द्या, त्यात नवी मुले पहिल्यांदा रक्त देतात, ती भीती मांडवातच मोडते. पण नेहमीच्या दात्यांना त्या दिवशी राखून ठेवा. सर्वांत आधी कोणी तरी आश्विन कृष्ण आणि वैशाख-ज्येष्ठाचे पक्ष उचला. मे महिन्यात कॉलेजे बंद, ऊन कडक, लग्नांची गर्दी. तेव्हाही दिवाळीसारखेच हाल असतात. एक व्यवहाराची गोष्ट: कृष्ण पक्षात आपल्या महिन्याचे नाव आणि इथल्या हिंदी पंचांगातले नाव वेगळे पडते, आपला आश्विन कृष्ण म्हणजे त्यांचा कार्तिक. रक्तपेढीत कळवताना तारखा लिहा, घोटाळा होतो. ताईचा एकदा झाला होता.

तिचे हृदय शेवटी लोहानेच थकवले. जायच्या आदल्या आठवड्यात तिला पौर्णिमा होती. दोन पिशव्या चढल्या, रंग आला, पण ठोके सावरले नाहीत. दवाखान्यात तिने मला वही आणायला सांगितली आणि त्या दोन पिशव्यांचे क्रमांक माझ्याकडून लिहून घेतले. हात थरथरत होता म्हणून. वहीत माझ्या अक्षरातल्या त्या दोनच नोंदी आहेत, ९१६ आणि ९१७.

ती गेल्यावर माझी भाऊबीज थांबली नाही. दरवर्षी मी दोन माणसे नेतो. गेल्या वर्षी त्यातला एक तो धनत्रयोदशीच्या मुलाचा मामा होता. भाच्याला ताईने शिकवलेले पाढे पाठ आहेत, असे त्याने सांगितले.

वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर तिने चोवीस रकाने आखले होते, चैत्र शुक्लापासून फाल्गुन कृष्णापर्यंत. वर 'मंडळ', 'फोन', 'किती जण' असे तीन मथळे. वही माझ्याकडे आहे. यंदाच्या पहिल्या बैठकीत विषय काढा, आपला पक्ष ठरवा आणि मला बोलवा. मी वही घेऊन येईन, कोणत्याही मांडवात, कितीही रात्री. कार्तिक शुक्लासमोर आमच्या मंडळाचे नाव तिने स्वतः लिहून ठेवले आहे. बाकी तेवीस रकाने कोरे आहेत.

आपला,
ताईचा धाकटा भाऊ
इंदूर